काढून घेतलेल्या डिस्कवरचं गाणं

राउटरशेजारी चार हार्ड डिस्कांचा एक लहानसा डबा आहे. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ, गाणी त्यात, आणि टीव्ही, फोन, लॅपटॉप कुठूनही ती लावता येतात. गाणं चालू असताना त्यातली एक डिस्क खेचून बाहेर काढा. डबा त्या सोयीचा असेल आणि डिस्क नीट मांडलेल्या असतील, तर गाणं थांबत नाही. गाण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा त्या डिस्कवर होता. तो हिस्सा आता तुमच्या हातात आहे, आणि तरी तो ऐकू येतो आहे.

युक्ती सम-विषमाची आहे. संगणकाच्या पोटात शेवटी सगळं 0 आणि 1. समजा तीन डिस्कांवर एकाच जागी 1, 0, 1 असे अंक आहेत. चौथ्या डिस्कवर त्याच जागी असा अंक लिहायचा की चौघींवरच्या 1 ची संख्या सम व्हावी. दोन 1 आधीच आहेत, म्हणून चौथीवर 0. आता तिसरी डिस्क गेली. उरले 1, 0 आणि 0. यात 1 एकदाच येतो, म्हणजे संख्या विषम. मग हरवलेला अंक 1 असलाच पाहिजे. बस, एवढंच. हाच हिशेब भराभर होत राहतो आणि नसलेल्या डिस्कवरचं गाणं वाजत राहतं. 4 टीबीच्या चार डिस्क घेतल्या तर त्यातली एका डिस्कइतकी जागा या हिशेबाला जाते, 12 टीबी वापरायला उरतात. हिशेबाचे अंकही एकाच डिस्कवर नसतात, ते आळीपाळीने चौघींवर पसरलेले असतात. कशाचीही दुसरी प्रत ठेवलेली नाही, तरी चौघींतली कोणतीही एक गेली तर काहीच जात नाही. हे मी कितीही वेळा समजून घेतलं तरी त्यातलं नवल ओसरत नाही.

सम-विषमाची ही तपासणी जुनीच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 1988 मध्ये ती स्वस्त डिस्कांच्या ताफ्याला लावायची रीत एका निबंधात मांडली. तिचं नाव ‘रेड’. मोठ्या संगणकांच्या डिस्क तेव्हा फार महाग होत्या. पीसीच्या स्वस्त डिस्क पुष्कळ एकत्र लावाव्यात, तर त्यातली कुठली ना कुठली सारखी बिघडणार. या तिघांनी बिघाड टाळायच्या मागे न लागता तो होणारच असं धरलं आणि तिथून पुढे विचार केला. घरातल्या डब्याची सगळी रचना याच विचारावर उभी आहे.

एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर? दोन अज्ञात अंक शोधायचे तर दोन समीकरणं हवीत, आणि दुसऱ्या समीकरणाला गुणाकार लागतो. पण एका बाइटमध्ये 0 ते 255 एवढेच आकडे मावतात, नेहमीचा गुणाकार त्याबाहेर सांडतो. म्हणून असं अंकगणित हवं, ज्यात बेरीज, गुणाकार, भागाकार काहीही केलं तरी उत्तर त्या 256 आकड्यांतच राहील. अशा मर्यादित संख्याविश्वांवर एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच तरुणाने 1830 मध्ये लिहिलं होतं. दोन वर्षांनी द्वंद्वयुद्धात गोळी लागून तो गेला, तेव्हा तो 20 वर्षांचा होता. घरांत विजेचा दिवाही नव्हता त्या काळातलं ते गणित आज लिनक्सवर चालणाऱ्या डब्यांत मुलांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ सांभाळतं.

पण हरवलेला अंक शोधायला तो कुठून हरवला हे आधी ठाऊक असावं लागतं. डिस्क बंद पडली तर ते कळतं. ती चालू आहे, आणि वाचताना चुकीचा अंक अगदी बिनदिक्कत बरोबर म्हणून देते आहे, तर? चुंबकीय ठिपका पालटतो, लिहिताना पत्ता चुकतो, आणि कुणालाच काही कळत नाही. वर्षांनंतर फोटो उघडावा तर अर्धा करडा. सम-विषमाच्या हिशेबाला चौघींत मेळ नाही एवढंच दिसतं, खोटी कोण ते दिसत नाही. इथे झेडएफएस ही फाइल व्यवस्था कामाला येते. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरेन्स यांनी 2001 मध्ये तिचं काम सुरू केलं, 2005 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. प्रत्येक तुकड्यावरून ती एक छोटा पडताळा-आकडा काढते, आणि तो त्या तुकड्यापाशी न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या तुकड्यात ठेवते. त्या वरच्याचा पडताळा आणखी वर. साक्षीदार आरोपीच्या ताब्यात नसतो. वाचताना आकडा जुळला नाही की खोटं कुठे आहे ते नेमकं कळतं, आणि मग सम-विषमाचा हिशेब खरा अंक काढून देतो. तो जागेवर पुन्हा लिहिलाही जातो. महिन्यातून एकदा सगळ्या डिस्क आपणहून वाचून तपासायचं काम लावून ठेवावं. नुसत्या पडून राहिलेल्या फोटोंना त्याचीच गरज असते.

त्या डिस्क आतून पाहिल्या तर आणखी थक्क व्हायला होतं. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कची कड ताशी सुमारे 130 किलोमीटर वेगाने धावते, आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगतं. केसाची जाडी याच्या हजारो पट. मोठ्या डिस्कांत हल्ली हवेऐवजी हेलियम भरतात. तो हवेच्या साधारण सातव्या हिश्शाइतकाच दाट असल्याने आतली खळबळ कमी होते आणि जास्त चकत्या मावतात. याच हेलियमची वर्णपटातली पिवळी रेषा 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणात भारतातून सूर्याच्या ज्वाळांमध्ये पाहिली गेली. विजयदुर्ग किल्ल्यावर दरवर्षी त्या दिवशी हेलियम दिन साजरा होतो.

डिस्क घेताना एक गोष्ट नक्की पाहावी. काही स्वस्त डिस्कांत नोंदींचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर शेजारची उचलून पुन्हा बसवावी लागतात, तसंच इथे. एका डिस्कच्या जागी नवी बसवून सगळं पुन्हा उभारायची वेळ आली की अशी डिस्क फार रेंगाळते. माहितीपत्रकात सीएमआर लिहिलेली घ्यावी, अशा चढत्या पट्ट्यांची एसएमआर नको.

असा डबा घरीच करायचा तर बाकी सामान साधं आहे. जुना डेस्कटॉप, 8 जीबी मेमरी, आणि डबा चालवायला ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. जुनं यंत्र दिवसरात्र 60 वॅट खात असेल तर महिन्याला 43 युनिट होतात, 20 वॅटच्या छोट्या पीसीला 14. यूएसबीने जोडलेला यूपीएस हवाच, म्हणजे वीज गेल्यावर डबा स्वतःला नीट बंद करतो.

मग वेग. इथे बरेच जण वेगवान एसएसडी डिस्कवर पैसे घालतात, दोष मात्र केबलचा असतो. गिगाबिट केबलमध्ये आठ तारांच्या चार जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीवर दोन्ही टोकं एकाच वेळी बोलतात! प्रत्येक टोक आपण पाठवलेला संकेत आलेल्या गोंधळातून वजा करतं आणि उरलेला समोरच्याचा म्हणून ऐकतं. आठातली एक तार नीट बसली नाही की जोडणी बहुधा 100 मेगाबिटवर उतरते. एक टीबी जिथे अडीच तासांत जावा, तिथे 25 तास लागतात. काहीही विकत घेण्याआधी जोडणीचा वेग तपासावा.

आणि एवढं गणित असूनही हा डबा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल चारही डिस्कांवरून तितक्याच तत्परतेने पुसली जाते. चोरी, आग, पूर यांच्यापुढे सम-विषम काय करणार? झेडएफएस बदललेला तुकडा नव्या जागी लिहिते, म्हणून कालची स्थिती गोठवून ठेवता येते, त्याने पुसापुशीवर उपाय होतो. पण एक प्रत दुसऱ्या घरी असायलाच हवी.

तिथे आरसिंक हे सॉफ्टवेअर लागतं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात ते केलं. प्रश्न असा, की पुण्यातली नवी फाइल आणि रत्नागिरीतली जुनी यांच्यात फरक काय, हे दोन्ही एकत्र न आणता कसं कळावं? रत्नागिरीचा डबा आपल्या फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाचा लहानसा आकडा पाठवतो. पुण्याचा डबा आपल्या फाइलवरून एकेक बाइट सरकत तेच आकडे शोधतो. आकडा असा बेतला आहे की एक बाइट पुढे सरकताना तो पुन्हा पहिल्यापासून काढावा लागत नाही. मागचा बाइट वजा, पुढचा जमा. जे जुळलं ते तिकडे आहेच, न जुळलेलं तेवढंच पाठवायचं. पहिली मोठी प्रत मात्र दोन्ही डबे एकाच घरात ठेवून केबलवरूनच करावी, मग दुसरा डबा गावी न्यावा. पुढे रोज रात्री त्या दिवसाचे नवे फोटो आणि बदललेले तुकडे तेवढे जातात, आणि त्याला साधं ब्रॉडबँड पुरतं.