श्रोत्याच्या मताचं काय होतं?

गाणं आवडलं हे सांगायला कुणाला शाळा लागत नाही. पारावर बसलेला माणूस "वा, काय गाणं आहे!" म्हणतो आणि मोकळा होतो. पण हे मत पुढं कुठं पोहोचतं का, आणि कुणी मोजलं तर कसं मोजतं, हे आपण सहसा विचारीत नाही.

१९४९ साली 'महल' हा बोलपट आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. त्यातलं एक गाणं फार गाजलं, परंतु तबकडीवर गाणारणीचं नाव होतं 'कामिनी'. आता कामिनी हे तर बोलपटातल्या पात्राचं नाव! त्या काळी अशीच रीत होती. रेडिओवर गाणं लागलं की ऐकणारे विचारीत, हा आवाज कुणाचा? पत्रांवर पत्रं आली. अखेर चौकशी झाली आणि नाव सांगितलं गेलं: लता मंगेशकर. ऐकणाऱ्यांनी नुसतं ऐकून सोडून दिलं असतं तर?

पुढं १९५२ साली डॉ. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले. माणूस मराठी, अभिजात संगीताचा अभिमानी. शास्त्रीय गायन-वादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला, हे त्यांचं मोठं काम. परंतु चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत होतं, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ नाहीशीच झाली. लोकांनी काय केलं? त्यांनी वाद घातला नाही. काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं! त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथं अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत मुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या, आणि बुधवारी रात्री आठ वाजता गावोगाव लोक रेडिओभोवती जमायचे.

गीतमालेत आरंभी एक स्पर्धा होती. सात गाणी ऐकवायची आणि श्रोत्यांनी ती योग्य क्रमानं लावायची. यातली गंमत ध्यानात घ्या. तुम्हाला काय आवडतं असं त्यात विचारलेलंच नव्हतं. बरोबर क्रम कोणता, एवढंच ओळखायचं होतं! नंतर क्रमवारी लागू लागली ती तबकड्यांच्या विक्रीवर. पण दुकानातली तबकडी संपली, तर गाणं लोकांच्या तोंडी असूनही विक्री मात्र शून्य. शिवाय तबकडी घ्यायची म्हणजे घरात ग्रामोफोन हवा. खेड्यात तो किती घरी असणार? विक्रीच्या हिशोबात शहरातला गिऱ्हाईक दिसे, खेड्यातला श्रोता दिसत नसे. म्हणून श्रोता संघांची मतंही धरू लागले. खेड्यातल्या माणसाकडे आपलं मत कळवायला एकच साधन होतं, पोस्टकार्ड.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीतं सरकारी रेडिओवर मानानं परत आली. फर्माईशींच्या कार्यक्रमांत एका गावाचं नाव सारखं यायचं, झुमरीतिलैया. हे गाव आज झारखंडात आहे, तेव्हा बिहारात होतं. अभ्रकाच्या खाणींचं गाव. तिथल्या हौशी मंडळींनी इतकी कार्डं धाडली की गावाचं नाव देशभर झालं. मात्र एकाच माणसानं पन्नास कार्डं टाकली, तर ती पन्नास माणसांची मतं होत नाहीत, हेही खरंच.

आज मोबाइलवर गाणं किती वेळा वाजलं हे यंत्रच मोजतं. दूरदर्शन संचावर कोणता कार्यक्रम चालतो हे निवडक घरांतल्या मीटरवरून काढतात. आकडा मिळतो, परंतु का आवडलं, हे त्या आकड्यात नसतं. ते ऐकणाऱ्यानंच सांगायचं.

ते कसं सांगावं? एक उदाहरण घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ साली 'अलबेला'ला संगीत दिलं. त्यात पाश्चात्त्य धर्तीचा उडता ठेका आहे. दोनच वर्षांनी त्यांनीच 'अनारकली'ची गाणी केली, आणि त्यांत मुख्य भार गळ्यावर आहे. एखाद्याला पहिलं आवडतं, दुसरं कंटाळवाणं वाटतं. वाटू द्या! पण मग त्याला ठेका आवडतो की संगीतकार, हे त्यानं ओळखावं. त्याला युक्ती सोपी आहे. गाणं दुसऱ्यांदा ऐकताना शब्द सोडून द्या आणि नुसता ठेका धरा. तिसऱ्यांदा मुखडा आणि अंतरा यांच्या मधली वाद्यं ऐका. बोलपटाचंही तसंच. नट आवडला म्हणून गोष्ट चांगली वाटली, की गोष्ट चांगली म्हणून नट आवडला? पुष्कळदा पहिलंच असतं.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलं सिनेमाची गाणी गुणगुणतात म्हणून आपण रागावतो. गप्प बसवलेलं मूल काही अभंग गायला लागत नाही, ते फक्त आपल्यामागं गुणगुणतं. त्यापेक्षा एखाद्या शनिवारी तेच गाणं वर्गात लावावं आणि विचारावं, बासरी कुठं आली? चाल कुणी केली? शब्द कुणाचे? शेवटच्या प्रश्नाला वर्ग बहुधा गप्प बसेल, कारण कवीचं नाव फारसं कुणी घेत नाही. मग ते शोधून आणण्याचं काम पुढच्या शनिवारपर्यंत मुलांकडे द्यावं.