मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?
(द्वितीय वर्ष, कला)

खेड्यात एखाद्याला 'पुढचे गाव किती लांब?' असे विचारले, तर तो मैल सांगत नाही. 'ही काय, तासाभराची वाट!' असे म्हणतो. त्याच्या लेखी वाट आणि वेळ एकच. विमानप्रवासात मात्र हा हिशेब इतका सोपा राहत नाही. मुंबई आणि लंडन या शहरांचेच उदाहरण घेऊ.

भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली, तर ही वाट इराणचे आखात, इराक, तुर्कस्तान अशी जाते. पण पृथ्वी सपाट नाही. भूगोल विभागातल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. तो उत्तरेकडे सरकतो. कराचीजवळून, पूर्व इराणवरून जाऊन जॉर्जियातील तिबिलिसीच्या आसपास निम्म्यावर येतो आणि पुढे युक्रेनवरून लंडन गाठतो. हेच सर्वांत जवळचे अंतर, सुमारे ७,२०० किलोमीटर.

जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला, तर आठ तास पुरावेत. प्रत्यक्षात जाताना साधारण दहा तास लागतात आणि येताना नऊच्या आसपास. असे का? दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात, येताना पाठीमागून ढकलतात. शिवाय चढण्या-उतरण्यात वेळ जातो तो निराळाच.

घड्याळ तर आणखी फसवते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून सकाळी सहाला सुटले आणि दहा तासांनी पोचले, तर तिथे सकाळचे साडेदहाच वाजलेले असतात. वाटावे, साडेचार तासांतच आलो! परतताना सकाळी दहाला निघून नऊ तासांत आलो, तरी इथे मध्यरात्र उलटून साडेबारा झालेले असतात.

याहून मोठी अडचण माणसांची. दोरा ज्या देशांवरून जातो, त्यांचे आकाश खुले असेलच असे नाही. २०१९ मध्ये फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत पाकिस्तानवरचा मार्ग बंद होता. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना तो पुन्हा बंद झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि युक्रेनवरून प्रवासी विमाने जाईनाशी झाली. मग वळसा आला; वळशाबरोबर इंधन आणि खर्चही वाढला.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्याला कैरो आणि जिनिव्हा येथे थांबावे लागले. आज मध्ये न थांबता जाता येते. यंत्राने वेळ कमी केला, हे खरेच. पण दोन शेजाऱ्यांचे बिनसले की सरळ वाट वाकडी होते, हे गावच्या बांधावर जितके खरे, तितकेच दहा किलोमीटर उंचीवरही खरे आहे. किलोमीटर पृथ्वीने ठरवले. तास मात्र वारा, यंत्र आणि माणूस मिळून ठरवतात.