देशोदेशीचं हसू : बंबवाल्यांना राग का आला?

पोलिश दिग्दर्शक वायदाचा वायदा पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. पोलंड कुठे पळून जात नाही, आणि साताऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र असं आलं आहे की त्याला उत्तर दिल्याशिवाय चेक लोकांचा निरोप घेणं बरं दिसणार नाही.

बाई लिहितात : "त्सिम्रमन या काल्पनिक महापुरुषाचं तुम्ही भरभरून कौतुक केलंत. २००५ साली सर्वश्रेष्ठ चेक माणूस निवडायची वेळ आली, तेव्हा कधी जन्मालाच न आलेल्या माणसाला लोकांनी एवढी मतं दिली की टीव्हीवाल्यांना त्याला स्पर्धेतून बाद करावं लागलं. मान्य. पण स्वतःवर एवढं हसणाऱ्या या लोकांना फोर्मनचा बंबवाल्यांवरचा सिनेमा इतका का झोंबला? की स्वतःवर हसणं ही नुसती पाहुण्यांसमोर मिरवायची गोष्ट?"

प्रश्न फर्मास आहे. मिलोश फोर्मनचा 'फायरमेन्स बॉल' हा माझा अतिशय लाडका सिनेमा. तो न पाहिलेला माणूस भेटला की मला त्याचा हेवा वाटतो, कारण त्याला तो पहिल्यांदा पाहायला मिळणार असतो. त्यामुळे आजचा हप्ता सगळा त्याच्यावरच जाणार, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी हे बंबवाले कोण ते पाहू. बंबवाला म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महापालिकेचा पगारी जवान येतो. चेक खेड्यातलं अग्निशमन दल तसं नसतं. ते गावातल्या हौशी, बिनपगारी माणसांचं असतं. असं पहिलं चेक दल १८६४ मध्ये वेल्व्हारी गावात उभं राहिलं. काळ ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा, सरकारी कामकाजाची भाषा जर्मन. अशा वेळी आपल्या भाषेत हुकूम देत, गणवेश घालून एकत्र जमायची जी मोजकी निमित्तं चेक माणसाला मिळाली, त्यांतलं एक व्यायामशाळेचं आणि दुसरं आग विझवण्याचं. त्यामुळे दलाला आगीपलीकडची प्रतिष्ठा आहे. आजोबा दलात, वडील दलात, नातू दलात. हिवाळ्यात नाचाच्या मेजवान्यांचा हंगाम असतो. शिकाऱ्यांची मेजवानी, शाळेची मेजवानी, तशी बंबवाल्यांचीही. बँड, बिअर, नाच आणि शेवटी बक्षिसांची सोडत. आपल्याकडे ज्याने गणेशोत्सव मंडळाच्या कमिटीत एक वर्ष काढलं असेल, वर्गणी, सत्कार, नारळ, लकी ड्रॉ आणि 'माइक कोणाच्या हातात' यावरची भांडणं पाहिली असतील, त्याला फोर्मनचा सिनेमा उपशीर्षकांशिवायसुद्धा कळेल.

सिनेमा जन्मला तोही योगायोगाने. फोर्मन, इव्हान पासेर आणि यारोस्लाव्ह पापोउशेक हे तिघे क्रकोनोशे डोंगरातल्या व्रखलाबी या गावी वेगळीच पटकथा लिहायला जाऊन बसले होते. ती काही केल्या पुढे सरकेना. एका संध्याकाळी विरंगुळा म्हणून ते गावातल्या बंबवाल्यांच्या मेजवानीला गेले आणि तिथे जे दिसलं, त्याखेरीज दुसरं काही त्यांना पुढे बोलताच येईना. हातातली पटकथा बाजूला पडली. मग त्यांनी काय करावं? ज्या गुत्त्यात बंबवाले जमायचे, तिथे जाऊन बसायला लागले. त्यांच्याबरोबर प्यायले, त्यांच्या गप्पा ऐकल्या. आणि पुढे सिनेमा काढला तोही व्रखलाबीतच, तिथल्याच माणसांना घेऊन. पडद्यावर समितीत बसलेल्या माणसांत अभिनय हा ज्यांचा धंदा नव्हे असे कितीतरी आहेत.

गोष्ट एका रात्रीची. दलाचे माजी अध्यक्ष ८६ वर्षांचे झाले आहेत, त्यांना कॅन्सर आहे. त्यांना छोटी शोभेची कुऱ्हाड देऊन सत्कार करायचा ठरतो. ८५ पूर्ण झाली तेव्हाच का नाही दिली, हा विषय समितीत निघतो आणि गुळमुळीत होऊन विरतो. कुऱ्हाड द्यायला एक सुंदरी हवी, म्हणून सौंदर्यस्पर्धा. आता सुंदरी निवडायची कशी हे ठाऊक कोणाला आहे? समिती मासिकातलं चित्र पुढ्यात ठेवून त्याचा अभ्यास करते. मुली धरून आणल्या जातात, पोरी लाजतात, एकीची आई आत घुसते, आणि ऐन वेळी सगळ्या जणी धूम ठोकून संडासात कोंडून घेतात. इकडे सोडतीच्या टेबलावरची बक्षिसं एकेक करून नाहीशी होत आहेत. तेवढ्यात भोंगा वाजतो. गावात एका म्हाताऱ्याच्या घराला आग लागली आहे.

यानंतरचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, पण अजून हसावं की नाही ते कळत नाही. सगळं गाव आगीकडे धावतं. वेटरला काळजी, लोक बिल न देता पळाले. बंब बर्फात रुततो. बंबवाले फावड्यांनी आगीवर बर्फ फेकतात. म्हातारा कुडकुडतो आहे, म्हणून त्याला खुर्चीवर बसवलं जातं, आणि खुर्ची सरकवतात ती आगीच्या जवळ. कशासाठी, तर ऊब मिळावी म्हणून. त्याच्याच घराची ऊब. पुन्हा कोणाला तरी वाटतं की आपलं घर जळताना त्याने बघू नये, म्हणून खुर्चीची पाठ आगीकडे केली जाते. या माणसांत एकही दुष्ट नाही, हे लक्षात घ्या. सगळे मदतच करत आहेत.

मग लोक दयेने आपापली सोडतीची तिकिटं म्हाताऱ्याला दान करतात. पण बक्षिसं आहेत कुठे? म्हातारा म्हणतो, मला कागद नकोत, पैसे हवेत. समिती युक्ती काढते : दिवे घालवू, चोरांनी अंधारात माल परत ठेवावा. दिवे घालवतात. दिवे लागतात. टेबलापाशी एकच माणूस सापडतो, डुकराच्या मांसाचा पदार्थ परत ठेवताना. आणि तो असतो बक्षिसांवर राखण करणारा बंबवालाच. चोरी त्याच्या बायकोची, परत करायला गेला हा.

पुढची समितीची बैठक म्हणजे चेक विनोदाचा अर्क आहे. चर्चा चोरी का केली यावर होतच नाही. परत का केलीस, यावर होते. एक सदस्य सरळ म्हणतो की मी असतो तर परत केलं नसतं. दलाची अब्रू माझ्या प्रामाणिकपणापेक्षा मोठी आहे.

त्या काळी चेकोस्लोव्हाकियात एक म्हण सर्रास चालायची : जो सरकारला लुटत नाही, तो आपल्या घरच्यांना लुटतो. सगळंच सरकारी, म्हणजे कोणाचंच नाही. तेव्हा कारखान्यातून खिळे, कँटीनमधून मटण, बांधकामावरून विटा घरी येणं यात कोणाला चोरी वाटत नसे. फोर्मनने ते जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं. वरच्या लोकांना यात काय दिसलं असेल, याचा अंदाज करता येतो. १९५२ च्या स्लान्स्की खटल्यात कम्युनिस्ट पक्षाने आपल्याच अकरा नेत्यांना फासावर दिलं, आणि १९६३ मध्ये त्यांच्यावरचे निकाल रद्द केले. सन्मान करायचा, पण माणूस मरणाच्या दारात किंवा त्यापलीकडे गेल्यावर. आणि सिनेमात सत्काराची पेटी उघडून पाहावी तर कुऱ्हाड आतून कोणीतरी ढापलेली. कुऱ्हाडीचा प्रसंग मला या खटल्याशिवाय वाचताच येत नाही. फोर्मन काय मनात धरून होता, हा वेगळा मुद्दा.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येतो. सिनेमा डिसेंबर १९६७ मध्ये प्रदर्शित झाला आणि देशभरातले बंबवाले संतापले, हे खरं. फोर्मनला ठिकठिकाणी जाऊन समजावत बसावं लागलं की बाबांनो, बंबवाले हे निमित्त आहेत, हा सगळ्या समाजावरचा सिनेमा आहे. (हे ऐकून कोणाचा राग शांत होतो असं मला वाटत नाही. 'मी तुला नाही, सगळ्यांनाच चोर म्हटलं' हा काही दिलासा नव्हे.) पण व्रखलाबीचं काय? ज्या गावची माणसं पडद्यावर होती, त्या गावचं? तिथला किस्सा फोर्मन रंगवून सांगत असे. गावात सिनेमा दाखवायचा, बंबवाल्यांनी उठून निषेध करायचा, असा बेत वरून आखलेला होता. निषेधाचं भाषण झालंही. मग खरोखरीचा एक बंबवाला उठला आणि म्हणाला, अरे, पण आपल्या गावात आग लागली होती तेव्हा आपण सगळे पिऊन पडलो होतो, ते विसरलात का? सभेत हशा पिकला आणि निषेध बारगळला. फोर्मन गोष्टीवेल्हाळ माणूस होता, थोडं तिखटमीठ लावलंही असेल. पण मला किस्सा पटतो. ज्यांचं चित्र काढलं होतं, ते हसले. चिडले ते दूरचे, ज्यांनी त्या गुत्त्यात फोर्मनबरोबर कधी पेला उचलला नव्हता.

म्हणजे बाई, चेक माणूस स्वतःवर हसतो हे खरं, पण हसवणारा आपल्या टेबलावरचा असावा लागतो. त्सिम्रमनचं नाटक बसवणारे स्वतःच रंगमंचावर उभे राहून, गंभीर चेहऱ्याने त्याच्यावर खोटी व्याख्यानं झोडतात; थट्टा करणारा आणि थट्टेचा विषय एकाच बाकावर बसलेले असतात. शिवाय त्सिम्रमन उत्तर ध्रुवापासून सात मीटरवरून परत फिरतो. त्यात पराभव आहे, पण लाज नाही. हाशेकच्या कादंबरीतल्या श्वेइक शिपायावर हसताना तर अब्रू जाते ती ऑस्ट्रियाच्या सम्राटाची. फोर्मनने यांतली एकही सवलत दिली नाही. इथे सम्राट नाही, जर्मन नाही, रशियन नाही. मटण चोरलं आहे ते आपल्याच वहिनीने.

जाता जाता : कोल्हापूरच्या एका वाचकाने विचारलं होतं की श्वेइक म्हणजे वेड पांघरून पेडगावला जाणारा माणूस ना? नाही. पेडगावला जाणाऱ्याला आपण कुठे निघालो ते पक्कं ठाऊक असतं, आणि वाचकालाही. हाशेकने अखेरपर्यंत कळू दिलेलं नाही की श्वेइक मूर्ख आहे की बेरकी. कादंबरी अपुरी ठेवून तो १९२३ च्या जानेवारीत गेला, त्यामुळे आता कळणारही नाही. फोर्मनची समिती याच जातीची आहे. ते ढोंगी आहेत की बावळट, हे तुम्ही ठरवायला जाल तर दर दृश्यात मत बदलेल.

या सिनेमाला चेक सरकारच्या जोडीने आणखी एक शत्रू मिळाला, आणि त्याची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पैसे घातले होते इटालियन निर्माता कार्लो पोंती याने. सिनेमा पाहून तो हबकला. फोर्मनच्या सांगण्याप्रमाणे त्याची तक्रार होती की हा सामान्य माणसाची टिंगल करतो. करारात लांबी ७५ मिनिटं लिहिली होती आणि सिनेमा भरला ७३. या दोन मिनिटांवर बोट ठेवून त्याने पैसे परत मागितले. रोमचा भांडवलवाला आणि प्रागचा कम्युनिस्ट पक्ष, दोघांच्या पोटात एकच दुखणं : सामान्य माणसाला हसायचं नाही! आणि हे म्हणणारा माणूस कुठला, तर इटलीचा, जिथे दिग्दर्शक मोनिचेल्लीने १९५८ मध्येच फजितीबहाद्दर चोरांवर झकास सिनेमा काढला होता. पण तिथला फरक बघा. मोनिचेल्लीचे चोर दुसऱ्याची भिंत फोडतात आणि शेवटी स्वयंपाकघरात बसून जेवतात. आपण त्यांच्यावर जीव टाकतो. इटालियन विनोद माणसाला माफ करून घरी पाठवतो. चेक विनोद माफ करत नाही आणि शिक्षाही देत नाही, समितीची पुढची बैठक बोलावतो.

फोर्मनवर सरकारी पैसा बुडवल्याचा ठपका यायची वेळ आली, तेव्हा फ्रान्सच्या त्रुफो आणि क्लोद बेरी या दिग्दर्शकांनी धावाधाव केली आणि हक्क विकले गेले. पुढे ऑगस्ट १९६८ मध्ये रशियन रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि नंतरच्या राजवटीत सिनेमा कपाटात बंद झाला. एप्रिल १९६९ च्या ऑस्कर समारंभात परदेशी चित्रपटांच्या यादीत मात्र तो होता. त्याच यादीत त्रुफोचा 'स्टोलन किसेस' होता, म्हणजे तारणहारच प्रतिस्पर्धी. मोनिचेल्लीचाही एक सिनेमा होता. जिंकला तो सोव्हिएत युनियनचा 'वॉर अँड पीस', सोव्हिएत सेनेचे हजारो जवान कामाला लावून काढलेला, सगळे भाग मिळून सात तासांच्या आसपास जाणारा. यावर मी काही टिप्पणी करणार नाही, त्सिम्रमनने केली असती.

तर बाई, सिनेमा पाहिला नसेल तर जरूर पाहा. फिल्म सोसायट्या तो मधून मधून दाखवतात. पाहताना एवढंच करा : समितीवरची नजर काढून मागे बसलेल्यांकडे, बँडसमोर नाचणाऱ्यांकडे आणि दारात उभ्या असलेल्या बायकांकडे बघा. त्यांतले बरेच व्रखलाबीचे रहिवासी आहेत आणि त्यातल्या कोणालाही कोणी अभिनय शिकवलेला नाही. आवडला नाही तर तेही कळवा, पण समितीतले कोण कोण ओळखीचे निघाले ते आधी लिहा.