रापा नुईच्या मातीतलं औषध

१९६४च्या नोव्हेंबरात कॅनडाच्या नौदलाचं ‘केप स्कॉट’ हे जहाज हॅलिफॅक्स बंदरातून निघालं. जहाजावर डॉक्टर आणि संशोधकांचा जवळपास चाळीस जणांचा चमू होता. त्यांना जायचं होतं ईस्टर बेटावर. चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटर दूर, प्रशांत महासागराच्या मधोमध असलेल्या या बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात. आपल्याला ते माहीत असतं ते प्रचंड दगडी चेहऱ्यांमुळे. बेटावर विमानतळ होऊ घातला होता. एकदा विमानं उतरू लागली की बाहेरची माणसं, बाहेरचं अन्न आणि बाहेरचे रोग येणारच. त्याआधी तिथल्या हजारेक रहिवाशांच्या तब्येतीची नोंद करून ठेवावी, असा मोहिमेचा बेत होता.

चमूतल्या जॉर्ज नोग्राडी या माँट्रियलच्या जीवाणुतज्ज्ञाला एक कोडं पडलं होतं. बेटावर घोडे भरपूर, माणसं अनवाणी फिरणारी, तरी धनुर्वात फारसा कसा नाही? त्यानं बेटाचे ६७ भाग पाडले आणि प्रत्येक भागातली माती नळीत भरून घेतली. धनुर्वाताचे जंतू एकाच नळीत सापडले. कोडं एवढ्यावर मिटलं, पण माती उरली. म्हातारपण लांबवण्याचा आजवरचा सर्वांत भरवशाचा रेणू याच उरलेल्या मातीतून निघाला. भरवशाचा म्हणजे उंदरांपुरता. हे ‘उंदरांपुरता’ विसरता कामा नये.

मातीचे नमुने माँट्रियलच्या आयर्स्ट या औषध कंपनीकडे गेले. तिथे सुरेंद्रनाथ सेहगल नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचा जन्म १९३२चा, आज पाकिस्तानात असलेल्या खुशाबचा. औषधनिर्माणशास्त्राचं शिक्षण बनारस हिंदू विद्यापीठात आणि डॉक्टरेट ब्रिस्टलला झालेली. सेहगल आणि त्यांचे सहकारी क्लॉड वेझिना यांना त्या मातीत एक जीवाणू मिळाला. तो स्वतःच्या बचावासाठी बुरशी मारणारं रसायन बनवत होता. बेटाच्या नावावरून रसायनाला रॅपामायसिन म्हणू लागले. १९७५ साली त्यावरचे शोधनिबंध आले. बुरशीवरचा मलम म्हणून त्याच्याकडे पाहिलं जात होतं, पण एक अडचण निघाली: ते शरीराची प्रतिकारशक्तीही दाबत होतं. मलमाला हे परवडणारं नव्हतं.

१९८२मध्ये कंपनीनं माँट्रियलची प्रयोगशाळा बंद केली आणि सेहगल यांची बदली अमेरिकेत प्रिन्स्टनला झाली. रॅपामायसिनचं काम गुंडाळलं गेलं. निघण्यापूर्वी सेहगल यांनी जीवाणूची एक शेवटची खेप वाढवली, कुप्या भरल्या आणि घरच्या फ्रीजरमध्ये नेऊन ठेवल्या. आइस्क्रीमच्या डब्यात ठेवलेल्या या कुप्यांवर ‘खाऊ नका’ अशी चिठ्ठी होती, असं त्यांचे कुटुंबीय सांगतात. पुढे कंपनीचं विलीनीकरण झालं. नव्या वरिष्ठांना सेहगल यांनी पटवलं की प्रतिकारशक्ती दाबणारं औषध प्रत्यारोपणात उपयोगी पडेल. १९९९मध्ये किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांसाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. सिरोलिमस या नावानं ते आज आपल्याकडच्या प्रत्यारोपण केंद्रांतही वापरलं जातं.

सेहगल यांना पुढे आतड्याचा कर्करोग झाला. पसरलेल्या अवस्थेत निदान झालेल्या या माणसानं स्वतःचंच औषध घेतलं. डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा ते बरेच जास्त जगले. मग औषधाचाच गुण आहे का हे पाहायला त्यांनी ते थांबवलं. रोग पुन्हा उसळला आणि २००३मध्ये त्यांचं निधन झालं. ही गोष्ट सांगताना मला नेहमी थोडं अवघडल्यासारखं होतं. माणूस अस्सल शास्त्रज्ञ होता यात शंका नाही; पण एका माणसावर केलेल्या प्रयोगातून, तो कितीही धाडसाचा असला तरी, काहीच सिद्ध होत नाही.

हा रेणू पेशीत नेमकं करतो काय? याचं उत्तर १९९१मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात यीस्टमध्ये सापडलं. मायकेल हॉल, जोसेफ हाइटमन आणि राव मोव्वा यांनी रॅपामायसिनला दाद न देणारं यीस्ट शोधलं आणि त्यावरून औषधाचं लक्ष्य ओळखलं. त्या प्रथिनाला टॉर म्हणतात. पुढे कळलं की माणसापर्यंतच्या प्राण्यांत ते आहे.

टॉर म्हणजे पेशीतला मुकादम. अमिनो आम्लं भरपूर येताहेत, इन्सुलिनचा निरोप आलाय, ऊर्जा आहे, असं दिसलं की तो बांधकाम जोरात चालू ठेवतो: नवी प्रथिनं बनवा, पेशी वाढवा. पुरवठा आटला की तोच बांधकाम थांबवतो आणि पेशी आतली मोडतोड साफ करायला घेते. खराब झालेली प्रथिनं, निकामी तंतुकणिका तोडून त्यातला माल पुन्हा वापरला जातो. या सफाईची यंत्रणा उलगडल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं. तारुण्यात मुकादमाची घाई हवीच, नाहीतर मूल वाढणार कसं? पण वाढ संपल्यावरही तो तसाच ओरडत राहिला तर सफाईला सवड मिळत नाही. वार्धक्याचं हे एकमेव कारण नाही, पण आज सर्वांत नीट समजलेल्या कारणांपैकी ते आहे.

इथे जुने धागे जुळतात. १९३५मध्ये कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना पोषण पुरेसं पण उष्मांक कमी असा आहार दिला, तर ते जास्त जगले. असं का व्हावं, हे तेव्हा कोणाला सांगता येईना. १९९३मध्ये सिंथिया केन्यन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत एकच जनुक बदललं आणि दोन-तीन आठवडे जगणारा तो किडा दुप्पट जगला, तोही हिंडत-फिरत. ते जनुक इन्सुलिनसारख्या संदेशाच्या मार्गातलं निघालं. उपाशी उंदीर, बदललेला किडा आणि बेटावरचं औषध हे तिन्ही अखेर एकाच ठिकाणी पोचत होते: अन्न आहे की नाही हे ओळखणाऱ्या पेशीच्या यंत्रणेपाशी.

आपल्याकडे हे वाचून लगेच कोणीतरी म्हणतं, म्हणजे आमचे उपवास शास्त्रीयच की! जरा थांबा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि वर केळ्याची शिकरण ही सगळी मंडळी इन्सुलिनला निरोप धाडणारीच. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांना शरीरशास्त्र कळत नसेल, माणसं मात्र चांगली कळत होती. आणि खरंखुरं अन्न कमी करणंही सोपं नाही. अमेरिकेतल्या कॅलरी या दोन वर्षांच्या चाचणीत निरोगी माणसांनी आहार २५ टक्क्यांनी घटवायचा होता. प्रत्यक्षात सरासरी साधारण १२ टक्केच जमलं. उपाशी न राहता उपाशीपणाचे फायदे देणारी गोळी लोकांना हवी असते, ती यामुळेच.

तशा गोळीची पहिली कडक परीक्षा २००९मध्ये पार पडली, आणि तीही उशिरा सुरू झाल्यामुळे गाजली. अमेरिकेत मेन, मिशिगन आणि टेक्सासमधल्या तीन प्रयोगशाळा एकच औषध, एकाच पद्धतीनं, मुद्दाम मिश्र वंशाच्या उंदरांना देतात. निकाल एका प्रयोगशाळेच्या किंवा एका वाणाच्या उंदरांच्या लहरीवर अवलंबून राहू नये, ही त्यामागची युक्ती. रॅपामायसिन खाद्यात टिकेना. त्याला वेष्टण घालण्याची कृती बसवता बसवता उंदीर म्हातारे झाले. औषध सुरू झालं तेव्हा त्यांचं वय ६०० दिवस होतं, माणसाच्या हिशेबानं साठीच्या आसपास. एवढ्या उशिरा सुरू करून काय होणार, असं वाटण्याचीच शक्यता जास्त. पण ९० टक्के उंदीर मरण्याचं वय माद्यांमध्ये १४ टक्क्यांनी आणि नरांमध्ये ९ टक्क्यांनी पुढे गेलं. तिन्ही ठिकाणी. पुढच्या चाचण्यांत जास्त मात्रा दिल्यावर सरासरी आयुष्य आणखी वाढलं. २०२५मध्ये कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेनं ट्रामेटिनिब या कर्करोगावरच्या औषधाची जोड दिली, तेव्हा वाढ सुमारे ३० टक्क्यांवर गेली.

याच तीन प्रयोगशाळांच्या चाळणीतून काय काय खाली पडलं, हेही पाहण्यासारखं आहे. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉलचा एके काळी इतका गाजावाजा होता की ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं २००८मध्ये त्यावर काम करणारी कंपनी ७२ कोटी डॉलरना घेतली. उंदरांत त्यानं आयुष्य वाढलं नाही. आपल्या घराघरांत ‘शुगरची गोळी’ म्हणून असलेलं मेटफॉर्मिनही एकट्यानं इथे पास झालं नाही. बाटल्यांतून विकलं जाणारं निकोटिनामाइड रायबोसाइडही नाही. मोबाइलवर ‘तारुण्य परत आणणाऱ्या’ कॅप्सूलची जाहिरात आली, तर या यादीची आठवण ठेवावी.

उंदीर अडीच-तीन वर्षांत संपतो. माणसावर हाच प्रयोग करायचा तर प्रयोग करणाराच आधी जाईल. म्हणून संशोधक आडवाटा शोधतात. २०१४मध्ये जोन मॅनिक यांच्या गटानं ६५ वर्षांपुढच्या माणसांना रॅपामायसिनचं भावंड असलेलं एव्हरोलिमस सहा आठवडे दिलं आणि नंतर फ्लूची लस टोचली. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानं, कमी मात्रेत, लसीचा प्रतिसाद साधारण २० टक्क्यांनी सुधारला. पण २०१९मध्ये त्याच विचारावर आधारलेल्या एका औषधाची मोठी चाचणी, म्हाताऱ्यांचे श्वसनाचे आजार कमी होतात का हे पाहणारी, फसली. जास्त मात्रेचे त्रास तर ठाऊकच आहेत: तोंडात फोड, रक्तातली साखर आणि चरबी वाढणं, संसर्गाचा धोका. स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षे प्रयोग करणारे अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनीही २०२४मध्ये अशाच तक्रारींमुळे ते बंद केलं. तरी काही जण डॉक्टरांकडून लिहून घेऊन ते घेत आहेत. मला यात शहाणपण दिसत नाही.

दीर्घायुषी माणसांकडे पाहूनच उत्तर का शोधू नये? शोधतात, पण तिथेही घोळ आहे. २०१०मध्ये टोकियोत १११ वर्षांचे म्हणून नोंद असलेले एक गृहस्थ तीन दशकांपूर्वीच वारले असल्याचं उघड झालं. मग तपासात नोंदीतल्या दोन लाखांहून अधिक शतायुषींचा पत्ताच लागेना. संशोधक सॉल न्यूमन यांनी दाखवलं की अमेरिकेत जन्मदाखले सुरू झाले तिथे अतिदीर्घायुषींची संख्या झपाट्यानं घटली. या अभ्यासाला २०२४चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार वाटणाऱ्या संशोधनासाठीचं पारितोषिक, मिळालं. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणाऱ्या आजोबांची संख्या पाहता, आपल्याला या निष्कर्षाचं नवल वाटायला नको. ती तारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना दिलेली.

खरा अडसर जीवशास्त्राच्या बाहेर आहे. औषध नियामकांच्या दृष्टीनं म्हातारपण हा रोग नाही, त्यामुळे त्यावरच्या औषधाला मान्यता कशाच्या आधारे द्यायची हेच ठरलेलं नाही. न्यूयॉर्कचे नीर बार्झिलाय यांनी मेटफॉर्मिनसाठी एक वाट आखली: ६५ ते ७९ वयाच्या ३,००० माणसांत हृदयविकार, कर्करोग, स्मृतिभ्रंश हे आजार एकत्रितपणे उशिरा येतात का, हे मोजायचं. योजना चांगली आहे, पण पैशांअभावी वर्षानुवर्षे रखडली. गोळी स्वस्त, पेटंट केव्हाच संपलेलं. कोणती कंपनी खर्च करेल? रॅपामायसिनचंही तेच. पेटंट असताना त्यानं कंपनीला भरपूर मिळवून दिलं. रापा नुईच्या लोकांना, ज्यांच्या पायाखालून ती माती उचलली, त्यातलं काही मिळालं नाही, आणि नोग्राडींचं नाव मूळ शोधनिबंधांत नाही.

आपल्या दृष्टीनं हा प्रश्न चैनीचा राहिलेला नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीबरोबर केलेल्या अहवालानुसार, साठीपुढच्यांचं प्रमाण २०२२मध्ये १०.५ टक्के होतं. २०५०पर्यंत ते २०.८ टक्के होईल. यांतल्या किती जणांना शेवटची दहा वर्षं स्वतःच्या पायांवर काढता येतील, हे मोजणं आयुष्याची लांबी मोजण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे. संशोधकांचा भरही आता त्यावरच आहे.

सध्या सर्वांत उत्सुकतेची चाचणी चालू आहे ती कुत्र्यांवर. अमेरिकेतल्या डॉग एजिंग प्रोजेक्टमध्ये सात वर्षांपुढच्या, मोठ्या चणीच्या पाळीव कुत्र्यांपैकी काहींना रॅपामायसिन आणि काहींना साधी गोळी दिली जाते. कुणाला काय मिळालं हे मालकालाही ठाऊक नसतं. एकूण ५८० कुत्रे घ्यायचे ठरलेत. हे कुत्रे माणसांच्याच घरात राहतात, त्यांच्याच हवेत श्वास घेतात आणि मोठ्या चणीचे असल्यामुळे दहा-बारा वर्षांत म्हातारे होतात. त्यामुळे निकालासाठी कोणाला पन्नास वर्षं थांबावं लागणार नाही.