बोर्डाच्या मापाचा कर्नल

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात ‘नाइलिट’ ही केंद्र सरकारची संस्था असून, पूर्वी ‘सीईडीटीआय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत एम्बेडेड प्रणालींचे शिक्षण दिले जाते. एम्बेडेड प्रणाली म्हणजे यंत्राच्या पोटात कायमचा बसवलेला आणि ठरावीक कामालाच जुंपलेला संगणक होय. अशा संगणकांच्या अनेक सर्किट बोर्डांवर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. तिचा गाभा, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहणारा कर्नल, लिनस टॉरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये प्रथम जाहीर केला.

हा कर्नल महासंगणकापासून मोबाइलपर्यंत सर्वत्र चालावा म्हणून त्यात हजारो पर्याय ठेवलेले असतात आणि बोर्डाला त्यांतील थोडेच लागतात. ‘मेन्यूकॉन्फिग’ या यादीत पर्याय कर्नलमध्येच अंगभूत करायचा, गरजेनुसार जोडता येणारे सुटे मॉड्यूल म्हणून ठेवायचा, की वगळायचा, हे ठरवले जाते आणि ही निवड ‘डॉट कॉन्फिग’ या फाइलीत नोंदली जाते. सुरुवात कोऱ्या पाटीवर होत नाही. प्रोसेसरच्या कुळासाठी कर्नलसोबतच येणारी ‘डेफकॉन्फिग’ ही तयार निवड आधाराला घेतली जाते.

खरी कसोटी मात्र अंगभूत आणि सुटे यांतील निवडीत लागते. ‘बीगलबोन ब्लॅक’ या 512 मेगाबाइट रॅमच्या बोर्डावर मूळ फाइलप्रणाली सहसा ईएमएमसी या साठवणुकीच्या चिपवर असते. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे ती हाताळणारा कर्नलचा भाग, सुटा ठेवला, तर तो जिथून उचलायचा ती फाइलप्रणालीच त्याच्यावाचून उघडत नाही. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तशी ही गत होते आणि आरंभिक रॅम फाइलप्रणालीची वेगळी सोय नसेल, तर ‘कर्नल पॅनिक’चा संदेश देऊन बोर्ड थांबतो.

निवड अचूक असली तरी एवढ्याने भागत नाही. यूएसबीवरील उपकरण स्वतःची ओळख सांगते, पण आयटूसी तारांवरचा तापमान संवेदक तसे करत नाही. म्हणून कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर आहे, हे ‘डिव्हाइस ट्री’ या स्वतंत्र फाइलीत लिहावे लागते.

कारखान्यातील यंत्र वर्षानुवर्षे चालते आणि सुरक्षेसाठी त्याचा कर्नल मधूनमधून बदलावा लागतो. त्यामुळे ‘डॉट कॉन्फिग’ आणि ‘डिव्हाइस ट्री’ या दोन्ही फाइली यंत्राच्या आराखड्यांइतक्याच काळजीने जपणे आवश्यक ठरते.