माळावरच्या औषधी वनस्पती: नोंद करा, पण पत्ता ग्रुपवर टाकू नका



आज फवारणीचा सल्ला नाही. आज आपल्या माळाबद्दल बोलायचंय.

आधी माझी चूक सांगते. मागच्या पावसाळ्यात एका सभासद काकांबरोबर त्यांच्या गावच्या गायरानात फिरले. बोरीच्या जाळीत शतावरीचे अकरा वेल मोजले, सगळे फुलावर आलेले. मी खुशीत फोटो काढले आणि लोकेशनसकट ग्रुपवर टाकले. दिवाळीनंतर पुन्हा गेले तर जाळीखाली नुसते खड्डे. दोन वेल उरले होते, तेही काट्यात हात पोचला नाही म्हणून. कोणी खणलं ते कळलं नाही, पण वाट मी दाखवली होती. काका एवढंच म्हणाले, "पोरी, आम्ही पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं."

शतावरीची मागणी मुळ्यांना आहे. मुळ्या गड्ड्यासकट उपटल्या की वेल संपला. बी पडायच्या आधी खणलं तर पुढची पिढीही संपली. आपल्या कमी पावसाच्या मुरमाड रानात नवीन रोप जगायला आधीच अवघड, त्यामुळे गेलेला वेल लवकर भरून येत नाही.

मग नोंद करायचीच नाही का? करायची. कुठे काय आहे हेच माहीत नसेल, तर काय गेलं तेही कळत नाही. फक्त पद्धत बदलूया.

*नोंद कशी करायची?*
✅ वनस्पतीचं तुमच्याकडचं नाव लिहा. सराटा म्हणत असाल तर सराटाच लिहा, गोखरू नको.
✅ तीन फोटो काढा: पूर्ण झाड किंवा वेल, पान जवळून, फूल किंवा फळ.
✅ जागा कुणाची ते लिहा: स्वतःचा बांध, गायरान की वनखात्याची हद्द.
✅ मोठी झाडं किती, लहान रोपं किती, हे वेगवेगळं मोजा. मोठी भरपूर आणि लहान एकही नाही, तर तो धोक्याचा इशारा समजा.
✅ आसपास काय आहे ते पाहा. शतावरी बऱ्याचदा काटेरी झुडपाच्या आधाराने वाढते. झुडूप तोडलं की आसराही गेला.

*काय टाळायचं?*
❌ लोकेशन ग्रुपवर किंवा स्टेटसला टाकू नका.
❌ जीपीएस कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोवर जागेचे आकडे छापलेले असतात. तो पुढे पाठवू नका.
❌ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर त्यात जागेची माहिती तशीच राहू शकते. ते टाळा.

*नोंद द्यायची कुणाला?*
जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. ग्रामपंचायतीत विचारा, आपल्या गावची नोंदवही बघायला मागा. कपाटात असेल तर बाहेर काढा. वनस्पतीचं नाव आणि संख्या त्यात येऊ द्या. नेमकी जागा मात्र उघड करू नका, असं समितीला सांगा. म्हाताऱ्या माणसांना आणि गुराख्यांना सोबत घ्या. माळ त्यांच्याएवढा कुणालाच माहीत नाही.

*स्वतःच्या बांधावरून काढायचं असेल तर*
👉 शतावरी: फळं पिकून बी पडू द्या. मग एका बाजूने थोड्याच मुळ्या काढा, गड्डा हलवू नका, माती परत लोटा. पिकलेल्या लाल फळांचं बी बांधावर लावा.
👉 गुळवेल: बुडातून तोडू नका. बोटाएवढ्या जाड फांद्या घ्या, मूळ वेल राहू द्या. फांदीचा तुकडा लावला तरी ती जगते.
👉 वनखात्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय काहीच काढू नका.

या पावसाळ्यात प्रत्येकाने आपल्या बांधावरच्या निदान पाच वनस्पतींची नोंद वहीत करावी, ही विनंती. ओळख पटत नसेल तर फोटो मला खाजगी मेसेजवर पाठवा. जागा विचारणार नाही.

त्या दोन वेलांना यंदा फळं धरली आहेत. कुठे आहेत, ते काकांना आणि मला माहीत आहे. तेवढं पुरे.

आपली,
कृषी सल्लागार