रस्त्यावरचं पंचांग

अर्जेंटिना-बोलिव्हियाकडचा जॅकरंडा, आपण त्याला नीलमोहोर म्हणतो, जगातल्या अनेक शहरांनी हौसेनं रस्त्याकडेला लावला. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियात तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतो. बंगळुरूच्या बसवनगुडीत मात्र फेब्रुवारी सरता सरता फांद्यांच्या टोकांना जांभळी झाक येते आणि मार्चमध्ये फुटपाथवर सडा पडतो. झाड तेच, मूळ मुलूख तोच, तरी फुलण्याच्या वेळेत चार-पाच महिन्यांचं अंतर! विषुववृत्ताच्या पलीकडे वसंत येतो तेव्हा आपल्याकडे शरद असतो, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. या झाडानं ते न वाचता ओळखलं आणि आपला वसंत निमूटपणे हलवून घेतला.

झाडाला महिना कळतो कसा? एक खूण दिवसाच्या लांबीची. लंडनमध्ये सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा दिवस यांत पावणेनऊ तासांचा फरक पडतो, मुंबईत सव्वादोन तासांचा, बंगळुरूत जेमतेम दीड तासाचा. हा दीड तास सहा महिन्यांवर पसरलेला, म्हणजे रोजचा बदल काही सेकंदांचा. माणसाला तो घड्याळाशिवाय जाणवणारही नाही. पण उष्ण कटिबंधातल्या काही वृक्षांना दिवस अर्ध्या तासानं कमी-जास्त झाला तरी कळतं, असं वनस्पतिशास्त्रज्ञांना आढळलं आहे. आणि ही मोजणी करायला त्यांच्याजवळ आहेत ती फक्त पानं आणि कळ्या.

दुसरी खूण तहानेची, आणि ती मला जास्त थक्क करते. कोरड्या महिन्यांत झाड पानं टाकतं, तेव्हा ते मरगळलेलं आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर त्यानं नळ बंद केलेला असतो. पानांच्या सूक्ष्म रंध्रांतून दिवसभर उडून जाणारं पाणी थांबतं, मुळं जमिनीतली उरलीसुरली ओल वर ओढत राहतात, आणि खोड-फांद्या हळूहळू पुन्हा पाण्यानं भरतात. आधीपासून तयार असलेल्या कळ्या त्या पाण्यावर फुगतात. म्हणून ऐन कोरड्यात, अंगावर एक पान नसताना, टॅबेबुया गुलाबी किंवा पिवळा धमक होतो आणि पळस पेटतो. पानांचा आडोसा नसल्यानं फुलं लांबून दिसतात, हा फायदा परागीभवन करणाऱ्या कीटक-पाखरांचा. तयार कळ्या पाण्यावर फुगतात, हे कर्नाटकातल्या कोडगू-चिक्कमगळूरच्या कॉफी बागाईतदाराला वेगळं सांगावं लागत नाही. मार्च-एप्रिलात एक बरी सर आली की आठवड्या-दीड आठवड्यात आख्खी बाग पांढरी होते. ती सर चुकली, तर त्या वर्षीचं पीकच डळमळतं.

बंगळुरू हे शहर या खेळाला फारच सोयीचं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर असल्यानं ते दक्षिणेत असूनही मुंबई-चेन्नईसारखं घामट नाही. पाऊस एका दमात कोसळून संपत नाही. मे महिन्यात एक उठाव, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याहून मोठा दुसरा, आणि जानेवारी ते मार्च कोरडे. कोरड्यात फुलणाऱ्यांनाही जागा, पावसानंतर फुलणाऱ्यांनाही. हे हेरून झाडं लावणारा माणूस या शहराला मिळाला तो बडोद्याहून.

गुस्टाव्ह हर्मन क्रुम्बिगेल हा जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळचा. लंडनच्या क्यू उद्यानात काम करून १८९३ मध्ये तो सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत आला. उत्तम माणूस जगात कुठेही दिसला की त्याला बडोद्यात आणायचा, हा महाराजांचा खाक्याच होता. पंधरा वर्षांनी, १९०८ मध्ये, म्हैसूरच्या कृष्णराज वडियारांच्या राज्यात त्याच्याकडे बंगळुरूच्या लालबाग उद्यानाचा कारभार आला, आणि १९३२ पर्यंत तो त्याच्याकडेच राहिला. पुढेही तो परत गेला नाही. १९५६ मध्ये बंगळुरूतच वारला. लालबागच्या पश्चिम दरवाजाजवळून जाणाऱ्या रस्त्याला आजही त्याचं नाव आहे, आणि बसवनगुडी तिथूनच सुरू होते.

ही वस्तीही मुळात एका संकटातून उभी राहिली. पुण्याला १८९७ मध्ये ज्या प्लेगनं हादरवलं तो पुढच्या वर्षी बंगळुरूत पोचला. जुन्या पेठेतल्या दाटीतून लोकांना मोकळ्यावर न्यायचं म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम आखली गेली. सरळ, रुंद रस्ते, मधूनमधून बागा. रोगराईच्या भीतीनं ठेवलेली ही मोकळी जागा पुढे झाडांच्या वाट्याला आली.

क्रुम्बिगेलच्या नावावर सांगितली जाते ती कल्पना अशी: शहरात झाडं अशी निवडायची की वर्षाचा एकही महिना फुलाविना जाऊ नये. बागेत वाफे असतात तसे इथे महिने आहेत. टॅबेबुयाचा गुलाबी बहर साधारण नोव्हेंबरपासून जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतो, मग पिवळा टॅबेबुया आणि जॅकरंडा, मार्च-एप्रिलात करंजाची बारीक पांढरट-जांभळट फुलं, एप्रिल-मेत गुलमोहर, सोनमोहर, बहावा, ताम्हण. पावसाच्या उत्तरार्धात मादागास्करहून आलेला कोलव्हिलिया केशरी घोस सोडतो. पाऊस ओसरला की बुचाची लांब देठांची पांढरी फुलं रात्री उमलून सकाळी रस्त्यावर पडलेली सापडतात. आख्खं शहर पंचांगासारखं वाचता येतं. यातली सगळी झाडं एकट्या क्रुम्बिगेलनं लावलेली नाहीत, हेही सांगायला हवं. १९८० च्या दशकात एस. जी. नेगिनहाळ या वनाधिकाऱ्याच्या हाताखाली शहरात सुमारे १५ लाख झाडं लागली. आज आपण ज्या कमानींखालून जातो त्यांतल्या कितीतरी त्या काळातल्या आहेत.

फुलांची टवटवी हा एक भाग. त्याहून मोठा चमत्कार फांदीखालचा. बंगळुरूतल्या रस्त्यांवर शास्त्रज्ञांनी झाडांखालची आणि झाडं नसलेल्या तुकड्यांची मोजमापं घेतली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात झाडांखालची हवा ५.६ अंशांपर्यंत थंड आढळली आणि डांबराचा पृष्ठभाग तर २७.५ अंशांपर्यंत! एकाच शहरात, एकाच दुपारी.

हे काम दोन वेगळ्या वाटांनी होतं. एक सावली. दुसरी बाष्पीभवन. एक लिटर पाणी पानांतून वाफ होऊन जाताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे विजेच्या हिशेबात युनिटचा दोन-तृतीयांश भाग. एखाद्या भरल्या झाडानं दिवसात शंभर लिटर पाणी सोडलं, तर दीड टनाचा एसी बारा-तेरा तासांत जेवढी उष्णता बाहेर टाकतो तेवढी त्यानं पेललेली असते. बिल न येता, आवाज न करता.

पण हवा आधीच बाष्पानं भरलेली असेल तर हा दुसरा मार्ग मंदावतो. घाम वाळत नाही, तसंच पानांचं पाणीही सहज उडत नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीतल्या मे महिन्यात झाडाचा मोठा उपकार म्हणजे सावली, आणि त्या सावलीखालून वाहू शकणारं वारं. म्हणून तिथे हवं उंच खोडाचं, वर पसरलेलं आणि खाली मोकळं झाड. माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर गच्च भरलेलं झुडूप वारा अडवून उकाडा कोंडतं. या कसोटीला विलायती शिरीष उतरतो. मध्य-दक्षिण अमेरिकेतून आलेला हा वृक्ष आडवा प्रचंड पसरतो, आणि संध्याकाळी किंवा आभाळ भरून आलं की पानं मिटून घेतो, त्यामुळे पाऊस थेट जमिनीवर पोचतो.

इथे मला फुलवेड्यांशी थोडं भांडायचं आहे. टॅबेबुयाच्या रांगेचं छायाचित्र सुंदर येतं यात वाद नाही. पण तो बोडका होतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढू लागतं तेव्हा, आणि त्याचा पसाराही बेताचा. बसथांब्यावर उभ्या माणसाला त्या बोडक्या फांद्यांचा काही उपयोग नसतो. गुलमोहराची छत्री देखणी, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवरची. फुटपाथला सिमेंट करताना ती तोडली की एप्रिल-मेमधल्या वादळी सरीत झाड गाडीवर येतं. आफ्रिकी पिचकारीचं झाडही तसंच मोडकं, शिवाय जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. परदेशी म्हणून कुणाला हाकलावं असं मी म्हणत नाही. बागेतलं झाड आणि रस्त्यावरचं झाड यांची नोकरी वेगळी असते, एवढंच.

त्या नोकरीला करंज किती चपखल बसतो ते पाहा. बसवनगुडीत त्याला होंगे म्हणतात. तो फेब्रुवारीच्या आसपास पानं टाकतो, फार तर काही आठवडे उघडा राहतो, आणि ऐन उन्हाळा सुरू होताना कोवळ्या, चकचकीत पोपटी पानांनी भरून येतो. बियांपासून तेल, मुळांवर हवेतला नत्र बांधून ठेवणाऱ्या जिवाणूंच्या गाठी. मूळचा नदीकाठचा आणि किनाऱ्याचा असल्यानं पाण्यात उभं राहणंही त्याला जमतं, दुष्काळही सोसतो.

कोकणपट्टीत किंवा मुंबईत रस्त्यासाठी, अंगणासाठी रोप घ्यायला रोपवाटिकेत गेलात, तर फुलाचा रंग विचारण्याआधी हे झाड कोणत्या महिन्यात उघडं पडतं आणि किती दिवस, हे विचारा. करंजाचं उत्तर वर आलंच. ताम्हण थंडी सरताना निष्पर्ण होतो, पण महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळ्या तुऱ्यांसकट पुन्हा पानांत असतो. खारं वारं अंगावर घेणारी उंडी आणि बकुळ वर्षभर हिरव्याच असतात, मात्र त्यांची सावली मिळायला बरीच वर्षं थांबावं लागतं.